विश्लेषण : तोळाभर चांदीचा रुपया आणि अशोकाची लिपी… टांकसाळीतील जेम्स प्रिन्सेप कोण होते?

सम्राट अशोकाचे शिलालेख वाचणारे म्हणून जेम्स प्रिन्सेप यांचे नाव स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांना पाठ असते. मात्र त्यांची नोकरी होती टांकसाळीत, नाण्यांतील चांदीचा कस तपासण्याची.

टांकसाळीत कसे आले?

प्रिन्सेप यांचा जन्म १७९९ चा. त्यांना वास्तुविशारद व्हायचे होते, पण डोळ्यांच्या दुखण्यामुळे ते शिक्षण सुटले. मग त्यांनी लंडनच्या टांकसाळीत धातूंचा कस काढण्याचे काम शिकून घेतले आणि १८१९ मध्ये, वयाच्या विशीत, ते कोलकात्याला आले. पुढची सुमारे दहा वर्षे ते बनारसच्या टांकसाळीत होते. १८३० मध्ये ते कोलकात्याला परतले.

कस कसा तपासत?

चांदीचा नमुना तोलून शिशासह हाडांच्या राखेच्या वाटीत तापवला जाई. शिसे आणि हिणकस धातू राखेत शोषले जात, शुद्ध चांदीचा मणी मागे उरे. वजनात आलेली घट म्हणजे भेसळ. भट्टीचे तापमान मोजण्यासाठी प्रिन्सेप यांनी सोने, चांदी आणि प्लॅटिनमचे मिश्रधातू वापरले. कोणते मिश्रण वितळले, त्यावरून उष्णता कळे.

एकच रुपया का हवा होता?

जुने रुपये हाताने घडत. चांदीची चकती दोन ठशांच्या मध्ये ठेवून वर हातोडा मारत. ठसा चकतीपेक्षा मोठा असल्याने मजकूर अर्धामुर्धाच उमटे. कड ओबडधोबड असल्याने ती कातरून चांदी चोरली तरी पटकन कळत नसे. शिवाय प्रत्येक मुलखाचा रुपया निराळा. पुण्याकडे अंकुशी, चांदवडचा चांदवडी, सुरतेचा सुरती, मद्रासकडे अर्काटी. एका ठिकाणचा रुपया दुसरीकडे चालवायचा तर सराफ बट्टा कापून घेई. व्यापारी तो हिशेबात धरी, भुर्दंड बसे तो शेतकऱ्याला आणि शिपायाला.

वजने आणि नाणी एकसारखी व्हावीत, असा आग्रह धरणाऱ्यांत प्रिन्सेप पुढे होते. १८३३ मध्ये १८० ग्रेन, म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅमचा तोळा प्रमाण ठरला. १८३५ च्या कायद्याने कंपनीच्या सर्व मुलखासाठी तेवढ्याच वजनाचा रुपया आला. त्यात १६५ ग्रेन शुद्ध चांदी होती. यंत्रावर पाडलेल्या या गोल नाण्याच्या कडेवर खाचा होत्या, त्यामुळे कातरलेले नाणे लगेच ओळखू येई. मात्र त्यावरून मुघल बादशहाचे नाव गेले आणि इंग्लंडच्या राजाचा चेहरा आला. सोय झाली, तशी सत्ता कोणाची हेही प्रत्येकाच्या हाती पडले.

नाण्यांवरून लिपी कशी उलगडली?

एशियाटिक सोसायटीचे सचिव झाल्यावर प्रिन्सेप यांच्याकडे पंजाब आणि अफगाणिस्तानातून जुनी नाणी येऊ लागली. काहींवर एका बाजूला ग्रीक, दुसऱ्या बाजूला अनोळखी अक्षरे होती. दोन्हीकडे राजाचे नाव एकच असणार, या तर्काने खरोष्ठीची अक्षरे सुटू लागली. सांचीच्या छोट्या लेखांच्या शेवटी तीच अक्षरे वारंवार येत. हे लेख देणगीचे असावेत आणि शेवटचा शब्द ‘दानं’ असावा, हे त्यांनी ताडले. १८३७ मध्ये ब्राह्मी लिपी वाचता आली आणि स्तंभांवरचा देवानांपिय पियदसी राजा बोलू लागला. तो अशोक, ही ओळख श्रीलंकेतील बौद्ध ग्रंथांच्या आधारे जॉर्ज टर्नर यांनी पटवली.

शेवट कसा झाला?

दिवसा टांकसाळ, उरलेल्या वेळात नाणी आणि शिलालेख. या श्रमांनी प्रिन्सेप यांची प्रकृती ढासळली. तीव्र डोकेदुखीने त्रस्त होऊन १८३८ मध्ये ते मायदेशी परतले. २२ एप्रिल १८४० रोजी, वयाच्या अवघ्या ४० व्या वर्षी त्यांचे निधन झाले. कोलकात्यात हुगळीकाठचा प्रिन्सेप घाट त्यांच्या स्मरणार्थ उभा आहे. चांदीचा रुपया केव्हाच चलनातून गेला, पण त्यांनी लावलेली अक्षरे आजही अशोकाचे लेख वाचायला उपयोगी पडतात.