पाऱ्याला बोलके करणारा कारागीर : फॅरेनहाइट

पावसाळ्याच्या आरंभी कुर्ल्याच्या वस्तीत तापाची साथ आली म्हणजे घरोघरी एक दृश्य हमखास दिसते. आई मुलाच्या काखेत उष्णतामापक ठेवते, घड्याळाकडे पाहते आणि आकडा १०२ निघाला की तिच्या चेहऱ्यावर काळजी उमटते. त्याच दिवशी शेजारच्या सांताक्रूझ येथील वेधशाळेने नोंदविलेले हवेचे उष्णमान ३० असते. तर मग मुलाचे अंग हवेच्या तिपटीहून अधिक तापले आहे काय? अर्थातच नाही. हवेचा आकडा सेल्सियसच्या मापाचा व तापाचा आकडा फॅरेनहाइटच्या मापाचा, एवढाच हा भेद. पहिल्या मापाने पाहिल्यास मुलाचा ताप सुमारे ३९ अंश भरेल. ज्याचे नाव आपण आजारपणात नकळत घेतो, तो फॅरेनहाइट कोण होता, हे जाणून घेणे बोधप्रद होईल.

डॅनिएल गॅब्रिएल फॅरेनहाइट याचा जन्म २४ मे १६८६ रोजी बाल्टिक समुद्रकाठच्या डान्झिग या बंदरात झाला. हे शहर आज पोलंडमध्ये असून ग्दान्स्क या नावाने ओळखले जाते. घराणे व्यापाऱ्यांचे व सुखवस्तू होते. परंतु १४ ऑगस्ट १७०१ हा दिवस या कुटुंबावर वज्राघातासारखा कोसळला. विषारी अळंबी खाण्यात आल्यामुळे आई व वडील दोघेही एकाच दिवशी मरण पावले. पंधरा वर्षांचा डॅनिएल व त्याची धाकटी भावंडे पोरकी झाली. पालकांनी त्याला व्यापार शिकण्यासाठी हॉलंडमधील ॲमस्टरडॅम शहरी एका पेढीवर धाडले.

तेथे त्याने हिशेबाच्या वह्या लिहिल्या खऱ्या. तथापि त्याचे चित्त रमले ते काचेच्या नळ्यांत व शास्त्रीय उपकरणांत. उमेदवारी संपल्यावर तो पेढीकडे परतला नाही. पालकांना हा नाद मानवला नाही. मुलगा वाया गेला असे समजून त्यांनी त्याला पकडून डच ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजाने पूर्वेकडे रवाना करावे, असा हुकूमही मिळविला. डॅनिएल मात्र गावोगाव फिरत राहिला आणि जेथे जेथे जाणती माणसे होती, तेथे तेथे जाऊन शिकत राहिला.

त्या काळी उष्णतामापक नव्हते असे नाही. पण त्यांची अवस्था आपल्याकडील जुन्या शेर-पायलीसारखी होती. गावोगावचा शेर जसा निराळा, तशी प्रत्येक कारागिराची नळी निराळी व तिच्यावरील खुणाही निराळ्या. एकाच खोलीत टांगलेली दोन उपकरणे दोन आकडे दाखवीत. मग एका नगरातील थंडीची दुसऱ्या नगरातील थंडीशी तुलना करावी कशी? साक्षीदारांचाच मेळ नसेल, तर न्याय होणार कसा?

१७०८ साली फॅरेनहाइट कोपनहेगन येथे ओले रोमर या नामांकित ज्योतिर्विदास भेटला. प्रकाशास प्रवास करण्यास वेळ लागतो, हे प्रथम दाखवून देणारे शास्त्रज्ञ ते हेच. रोमर आपल्या उपकरणांवर ठराविक स्थिर खुणा करून मगच मधले अंश आखीत असत. त्यांच्या मापात बर्फाचा अंक साडेसात व शरीराचा साडेबावीस होता. फॅरेनहाइटने ही युक्ती उचलली. मात्र अर्ध्या अंशांची कटकट टाळण्यासाठी त्याने प्रत्येक अंशाचे चार भाग केले, आणि पुढे आकडे थोडे सरकवून आपले माप सिद्ध केले.

या मापाचे शून्य ठरविण्याची रीत मोठी चमत्कारिक आहे. बर्फ, पाणी व नवसागर यांचे मिश्रण केले असता जी कडक थंडी उत्पन्न होते, ते त्याचे शून्य. कल्हईवाला तापलेल्या भांड्यात ज्याची चिमूट टाकतो व ज्याचा पांढरा धूर उठतो, तोच हा नवसागर! नुसत्या बर्फाच्या पाण्याला त्याने ३२ अंक दिला व निरोगी मनुष्याच्या अंगाच्या उष्णतेला ९६. या दोहोंमधील अंतर ६४. चौसष्टाचे अर्धे, त्याचे अर्धे, असे करीत गेले की सहा वेळांत एकेक अंश हाती येतो. कर्कटक घेऊन नळीवर रेघा ओढणाऱ्या कारागिराला याहून सोयीची संख्या कोणती असणार?

१७१४ साली त्याने हाले येथील विद्वान ख्रिश्चन वोल्फ यांस आपल्या हातचे दोन उष्णतामापक दिले. दोहोंचे आकडे तंतोतंत जुळले. आज आपणास यात नवल वाटणार नाही. पण वोल्फ यांस ते इतके वाटले की त्यांनी त्यावर लेख प्रसिद्ध केला. पुढे फॅरेनहाइटने मद्यार्काऐवजी पारा वापरण्यात प्रावीण्य मिळविले. मद्यार्क पाण्याच्याही आधी उकळतो. पारा मात्र पुष्कळ अधिक उष्णता सोसतो व नळीत स्पष्ट दिसतो. १७१७ पासून तो ॲमस्टरडॅम येथे स्थायिक होऊन उपकरणे विकू लागला व रसायनशास्त्रावर व्याख्याने देऊ लागला. हवेच्या दाबाप्रमाणे पाण्याचा उत्कलनबिंदू बदलतो, हेही त्याने प्रयोगांनी दाखविले. १७२४ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यास आपला सभासद करून घेतले. ज्याच्या अटकेचा हुकूम निघाला होता, त्याचा हा सन्मान होय!

धन मात्र त्याच्या वाट्यास आले नाही. १७३६ साली पाणी उपसण्याच्या एका यंत्राचा हक्क मिळविण्यासाठी तो हेग शहरी गेला असता आजारी पडला आणि १६ सप्टेंबर रोजी, वयाच्या अवघ्या पन्नासाव्या वर्षी, निवर्तला. त्याचा अंत्यविधी गरिबाच्या इतमामाने झाला.

त्याच्या मागे त्याच्या मापातही फेरफार झाला. उकळत्या पाण्याचा २१२ हा अंक पक्का धरल्यामुळे शरीराचा ९६ हा आकडा वर सरकला. आज आपण ९८.६ म्हणतो, त्याचीही एक गंमत आहे. १८६८ साली वुंडरलिख या जर्मन वैद्याने असंख्य रोग्यांच्या नोंदींवरून निरोगी शरीराचे सरासरी उष्णमान ३७ सेल्सियस ठरविले. त्याचे रूपांतर करताच दशांशातील सहा आपोआप उत्पन्न झाले! तेव्हा ९८.६ ही निसर्गाने ओढलेली रेघ नव्हे. निरोगी माणसाचा आकडाही सकाळ-संध्याकाळ थोडा खालीवर होतो. खुद्द सेल्सियसनेही १७४२ साली उकळत्या पाण्यास शून्य व बर्फास शंभर असे उलटे अंक दिले होते. त्याच्या मृत्यूनंतर ते सुलट करण्यात आले.

आपल्या देशाने १९५६ च्या कायद्याने दशमान पद्धत स्वीकारली. हवेचे उष्णमान सेल्सियसमध्ये सांगितले जाऊ लागले. पण आजाऱ्याच्या उशाशी फॅरेनहाइटच राहिला. पारा विषारी असल्याने काचेची नळी जाऊन बॅटरीवर चालणारे उपकरण आता अनेक घरांत आले आहे. तरीही त्यावर १०२ हाच अंक उमटतो आणि आई तो पाहूनच वैद्याकडे धावते.

विद्यार्थिमित्रहो, फॅरेनहाइटचे शून्य, त्याचे बत्तीस, त्याचे शहाण्णव हे सारे माणसाने सोयीसाठी मानलेले आकडे आहेत. त्याच्या जागी दुसरा कोणी असता, तर दुसरे आकडे असते. त्याची खरी देणगी आकड्यांत नसून त्या दोन नळ्यांच्या एकमतात आहे. आज कुर्ल्यात आईने वाचलेला आकडा वैद्य शंका न घेता मानतो, याचे मूळ एका पोरक्या मुलाच्या चिकाटीत आहे. प्रयोगशाळेत नोंद करताना पारा आकड्याच्या किंचित खाली असेल, तर तो खालीच लिहावा. ज्याने सारे आयुष्य दोन उपकरणांस एकच सत्य बोलावयास शिकविण्यात वेचले, त्याचे स्मरण करण्याची याहून चांगली रीत नाही.