रयतेचा पैसा, रयतेचे कॉलेज

कर्मवीर भाऊराव पाटलांचा फोटो बहुतेक महाविद्यालयांच्या कार्यालयात असतो. पांढरी दाढी, अंगावर खादी, करारी नजर. त्या फोटोखालच्या खिडकीपाशी फीच्या रांगेत उभे राहताना आपल्यापैकी किती जणांनी त्याच्याकडे मान वर करून पाहिले असेल? मीही पाहिले नव्हते. गेल्या वर्षी वक्तृत्व स्पर्धेत एका वक्त्याने कर्मवीरांचा दाखला देऊन सांगितले की, विद्यार्थ्यांनी फी कमी करा असे रडगाणे गाऊ नये, भाऊरावांच्या मुलांप्रमाणे कष्ट करून शिकावे. टाळ्या पडल्या. मला मात्र ते पटले नाही. म्हणून मी त्यांचे चरित्र मुळापासून वाचले, आणि ज्या माणसाचे नाव घेऊन हे सांगितले जाते त्याचे आयुष्य काही वेगळेच सांगते असे ध्यानात आले.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूरजवळच्या कुंभोज गावी, एका जैन कुटुंबात झाला. वडील पायगौंडा महसूल खात्यात कारकून होते. शिक्षणासाठी भाऊराव कोल्हापूरला जैन बोर्डिंगात राहिले. तेथे अभ्यासापेक्षा बंडखोरीच अधिक झाली. अस्पृश्य मुलांच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला ते गेले आणि परत आल्यावर शुद्धीची आंघोळ करण्यास त्यांनी साफ नकार दिला. बोर्डिंगातून नाव कमी झाले. राजर्षी शाहू महाराजांनी आसरा दिला. पण पुस्तकी शिक्षण इंग्रजी सहावीच्या आसपास थांबले ते थांबलेच. मॅट्रिकही न झालेल्या या माणसाला पुढे १९५९ साली पुणे विद्यापीठाने डी.लिट्. दिली.

पुढची काही वर्षे धावपळीची आहेत. साताऱ्यात शिकवण्या केल्या, ‘मास्तर’ हे नाव पडले. १९१४ साली कोल्हापुरात पुतळ्याला डांबर फासल्याचे प्रकरण झाले. त्यात अण्णासाहेब लठ्ठे यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांचा छळ झाला. त्यांनी जीव द्यायचा प्रयत्न केला, पण साक्ष दिली नाही. त्यानंतर ओगल्यांचे कंदील आणि किर्लोस्करांचे नांगर विकत ते खेडोपाडी हिंडले. माझ्या मते त्यांचे खरे विद्यापीठ हेच. दिवसा शेतकऱ्याला नांगर दाखवायचा, रात्री त्याच्याच ओसरीवर मुक्काम करायचा. घरात कंदील आला तरी त्याच्या उजेडात वाचणारे कोणी नाही, हे त्यांनी गावोगाव पाहिले.

येथे थोडे मागे जावे लागेल. १८८२ साली महात्मा फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिले होते. सरकारचा महसूल शेतकरी आणि कष्टकरी भरतात, आणि त्यातून चालणाऱ्या वरच्या शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गांनाच होतो, असे त्यांचे गाऱ्हाणे होते. भाऊराव सत्यशोधक चळवळीतच वाढले. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातील काले गावी त्यांनी संस्था काढली, तिला नाव दिले ‘रयत’. हा शब्द मला साधा वाटत नाही. रयत म्हणजे सारा भरणारी. ज्याने सारा भरला त्याच्याच मुलाला शाळा हवी, आणि ती भीक म्हणून नव्हे, हा सगळा हिशेब त्या एका शब्दात आहे.

१९२४ साली संस्था साताऱ्यास आली. धननीच्या बागेत सर्व जातींची मुले एकत्र राहू लागली, एकत्र स्वयंपाक करू लागली, एका पंगतीत बसू लागली. १९२७ साली महात्मा गांधींनी या वसतिगृहाला शाहू महाराजांचे नाव दिले. इतका इतिहास आपल्याला पाठ असतो. पण बोर्डिंग चालते धान्यावर, आणि धान्य कोठून येत होते ते पाहिले पाहिजे. काही मुलांच्या श्रमातून, काही गावोगावच्या मूठमूठ धान्यातून, आणि उरलेले लक्ष्मीबाईंच्या अंगावरच्या सोन्यातून. लक्ष्मीबाई कुंभोजच्या सुखवस्तू घरातल्या, सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या. महारामांगाची पोरे आपल्या घरात जेवतात हे त्यांना आरंभी जड गेले असणार. पुढे त्या त्याच पोरांच्या आई झाल्या. एकेक दागिना गेला, आणि एके दिवशी कोठीत काही उरले नाही तेव्हा मंगळसूत्रही गेले. १९३० साली त्या वारल्या.

हा प्रसंग भाषणात नेहमी येतो आणि ऐकणाऱ्यांचे डोळे पाणावतात. माझेही पाणावले. परंतु मंगळसूत्र विकून बोर्डिंग चालवावे लागते, ही एका स्त्रीच्या त्यागाची गोष्ट आहे तशीच ती एका राज्यव्यवस्थेच्या कर्तव्यच्युतीचीही गोष्ट आहे. पहिल्या अर्थाला आपण हार घालतो, दुसऱ्याचे नाव काढत नाही. भाऊरावांनी काढले, असे त्यांच्या पुढच्या कामावरून दिसते.

कारण स्वावलंबन ही त्यांची सक्ती नव्हती, तो मार्ग होता. दार कोणी उघडत नाही तोवर खिडकीतून आत जायचे, एवढाच. जेथे सरकारी पैसा मिळण्याजोगा होता तेथे तो मिळविण्यास त्यांनी कधी कमीपणा मानला नाही. प्रांतिक सरकारने व्हॉलंटरी शाळांना अनुदान देण्याचे धोरण आखले, तेव्हा १९३८ पासून त्यांनी डोंगराडोंगरांतून अशा शाळा काढण्याचा सपाटा लावला. त्यांची संख्या ५७८ पर्यंत गेली. शाळा उभी करायची, मास्तर द्यायचा, गावाला तिची गरज पटवायची. आणि पुढे त्या शाळा सरकारी व्यवस्थेकडे सोपवून संस्था मोकळी झाली. आजच्या भाषेत बोलायचे तर त्यांनी ‘मालकी’ ठेवली नाही. शाळा ही सरकारनेच चालवायची गोष्ट आहे हे त्यांना ठाऊक होते.

१९४० साली साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल निघाले. मुलांनी काम करावे आणि फी न भरता शिकावे, ही ‘कमवा आणि शिका’ योजना तेथे रुजली. मग १९४७ च्या जून महिन्यात, स्वातंत्र्याला दोन महिने असताना, छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले. त्या काळी आपल्या भागातल्या मुलाला कॉलेज म्हणजे पुणे, कोल्हापूर किंवा सांगली. म्हणजे फीपेक्षा खोली आणि खाणावळ भारी. साताऱ्याच्या कॉलेजात राहणे, जेवणे, शिकणे हे सारे श्रमावर आणि फुकट. कोणा श्रीमंताने मोठी देणगी देऊ केली आणि बदल्यात आपले नाव द्यावे असे सुचविले, तेव्हा एक वेळ बापाचे नाव बदलीन पण कॉलेजचे बदलणार नाही, अशा अर्थाचे उत्तर भाऊरावांनी दिले असे सांगतात. बोर्डिंगातला त्यांचा विद्यार्थी पी. जी. पाटील विलायतेस जाऊन बॅरिस्टर झाला, येथेच प्राचार्य झाला आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचा कुलगुरू झाला.

आणि मग अनुदानाचे प्रकरण. गांधीहत्येनंतर १९४८ साली महाराष्ट्रात जाळपोळ झाली, वातावरण तापले. भाऊराव फटकळ. त्यांनी जाहीर भाषणांतून सरकारवर टीका केली. बाळासाहेब खेरांच्या सरकारने रयतेच्या शाळांचे अनुदान रोखले. विचार करा, शेकडो शिक्षक, हजारो मुले, आणि पगाराला पैसा नाही. ‘आमचे आम्ही बघू’ असे म्हणणे स्वावलंबनाच्या पुरस्कर्त्याला सोपे होते. ते त्यांनी म्हटले नाही. लोकांकडून निधी गोळा करून शाळा जिवंत ठेवल्या, पण अनुदानावरचा हक्क सोडला नाही. अखेर गाडगे महाराजांनी खेरांकडे शब्द टाकला आणि अनुदान पुन्हा सुरू झाले. शाळेची पायरी न चढलेला एक संत मुख्यमंत्र्याकडे जातो तो देवळासाठी नव्हे, शाळांच्या अनुदानासाठी! १९५४ साली कऱ्हाडला कॉलेज निघाले त्याला गाडगे महाराजांचे नाव दिले गेले.

भाऊरावांचे सगळेच मला पटते असे नाही. कामात गेलेला वेळ अभ्यासातून जातो. दगड फोडून आलेल्या मुलाने रात्री शेक्सपिअर वाचावा ही अपेक्षा पुण्याच्या मुलाकडून कोणी करत नव्हते. पहिल्या पिढीने ते केले, कारण त्यांच्यापुढे दुसरी वाट नव्हती. वाट असताना तेच पुन्हा मागणे हा कर्मवीरांचा वारसा म्हणता येत नाही. १९८३ नंतर विनाअनुदानित महाविद्यालयांचे पीक आले ते याच साखरपट्ट्यात. अनुदानित महाविद्यालयांतही घड्याळी तासावर शिकविणारे प्राध्यापक आपण पाहतोच. त्यांची नावे लिहीत नाही, ती आपल्याला ठाऊक आहेत.

१९५९ साली भाऊरावांना पद्मभूषण मिळाले. प्रकृती ढासळली होती. ९ मे १९५९ रोजी ते गेले. त्याच वर्षी यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने ठरावीक मर्यादेच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्या पालकांच्या मुलांना फी माफ करणारी ई.बी.सी. सवलत आणली. उत्पन्नाची मर्यादा पुढे वाढत गेली. माझे वडील त्याच सवलतीवर शिकले. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आजोबांनी तहसीलला तीन खेपा घातल्या होत्या, आणि तो दाखला अजून आमच्या घरी पत्र्याच्या पेटीत, सातबाऱ्याच्या उताऱ्याबरोबर ठेवलेला आहे.