ओहम नावाचा माणूस

नव्या घराचं वायरिंग झालं, की जाणता वायरमन एक साधी तपासणी करतो. मेन स्विच बंद करून वीज खरोखरच गेली आहे याची खात्री करून घेतो. मग मीटरचं एक टोक लांब तारेनं बोर्डातल्या अर्थिंगच्या पट्टीला जोडतो आणि दुसरं टोक प्रत्येक सॉकेटच्या वरच्या मोठ्या छिद्रात घालतो. मधली तार सलग असेल तर मीटर वाजतो आणि एक लहानसा आकडा दाखवतो. आकडा ओहममध्ये असतो. हे ज्यांचं नाव, त्यांना त्यांच्या आयुष्यात मान फार उशिरा मिळाला.

जॉर्ज सायमन ओहम १६ मार्च १७८९ रोजी आजच्या जर्मनीतल्या एर्लांगेन गावी जन्मले. वडील कुलपं बनवणारे कारागीर. स्वतःच्या हिमतीवर गणित शिकलेल्या या माणसानं ते जॉर्ज आणि मार्टिन या मुलांनाही घरीच शिकवलं. जॉर्ज दहा वर्षांचा असताना आई गेली. विद्यापीठात गेल्यावर पोरगा नाच, बिलियर्ड आणि स्केटिंगमध्ये रमला. वडील संतापले आणि १८०६ साली त्याची रवानगी स्वित्झर्लंडमध्ये शाळामास्तरकीवर झाली. डॉक्टरेट मिळाली ती १८११ मध्ये.

१८१७ साली ओहम कोलोनच्या शाळेत शिक्षक झाले. तिथे त्यांना एका प्रश्नानं पछाडलं. तार लांब झाली तर तिच्यातून वाहणारी वीज किती कमी होते? त्या काळच्या बॅटरीचा जोर सारखा खालीवर होई, त्यामुळे १८२५ सालचं त्यांचं पहिलं उत्तर चुकलं. तेव्हा पॉगेनडॉर्फ या शास्त्रज्ञानं त्यांना वेगळी वाट सुचवली. ओहमनी तांबं आणि बिस्मथ जोडून एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात ठेवला. दोन्हींचं तापमान स्थिर, म्हणून विजेचा जोरही स्थिर. वडिलांच्या हाताखाली शिकलेलं धातुकाम उपकरणं घडवताना कामी आलं. एकाच जाडीच्या, निरनिराळ्या लांबीच्या आठ तारा त्यांनी तपासल्या. जोर तोच असेल तर रोध वाढेल त्या प्रमाणात प्रवाह घटतो, आणि रोध तारेच्या लांबीच्या प्रमाणात वाढतो, हे त्यातून सिद्ध झालं. १८२७ साली बर्लिनमध्ये त्यांचं पुस्तक निघालं.

या पुस्तकामुळे विद्यापीठात जागा मिळेल, अशी त्यांची आशा होती. ती फोल ठरली. कोलोनची नोकरी सोडून त्यांनी बर्लिनमध्ये तुटपुंज्या शिकवण्यांवर काही वर्षं काढली. १८३३ साली न्यूरेम्बर्गला स्थिर जागा मिळाली. १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीनं कोप्ली पदक दिलं, तेव्हा कुठे मायदेशाचे डोळे उघडले. म्युनिकला भौतिकशास्त्राचं प्राध्यापकपद मिळालं १८५२ साली, आणि ६ जुलै १८५४ रोजी ते वारले. लग्न त्यांनी केलंच नाही. १८८१ साली पॅरिसच्या विद्युत परिषदेनं रोधाच्या एककाला त्यांचं नाव दिलं.

त्यांच्या नियमाचा आपल्या घराला उपयोग असा, की तार किती लांब हे कळलं तर मीटरवर काय दिसायला हवं हे आधीच सांगता येतं. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या दहा मीटर तारेचा रोध असतो सुमारे ०.१२ ओहम. जोडलेल्या लांब तारेचा रोध वजा करून याच्या आसपास आकडा आला तर काम चोख. दहा-वीस ओहम दिसले तर कुठेतरी सांधा सैल आहे किंवा गंजला आहे. नुसत्या आवाजावर मात्र विसंबू नये. अनेक मीटर वीस-तीस ओहमलाही वाजतात.

अर्थिंगची तार तुटली तरी दिवा लागतो, पंखा फिरतो, गिझर तापतो. एरवी तिच्यातून वीज वाहतच नाही, म्हणून तिची उणीव कुणालाच भासत नाही. पण ज्या दिवशी गिझरच्या पत्र्याला आतली जिवंत तार टेकते, त्या दिवशी जी वीज अर्थिंगवाटे जमिनीत जाऊन फ्यूज उडवायची, ती आंघोळीला गेलेल्या माणसाच्या ओल्या हातातून वाट काढते. म्हणून घराचा ताबा घेताना फरशी आणि रंग पाहाल, तसं परवानाधारक वायरमनकडून प्रत्येक सॉकेटचा आकडा मोजून घ्या आणि कागदावर लिहून मागा. तासाभराचं काम आहे.