हाफकिन : लस आधी स्वतःला टोचणारा संशोधक

अंधेरी, बोरिवली असो वा मुलुंड, बाळाला पोलिओचा डोस पाजताना अनेक पालकांनी ‘हाफकिन’ हे नाव ऐकलेले असते. परळची ही संस्था ज्यांच्या नावाने ओळखली जाते, त्या वाल्देमार हाफकिन यांनी लशीवरचा विश्वास मिळवला आणि तो एका दिवसात डळमळताना पाहिलाही.

हाफकिन यांचा जन्म १८६० मध्ये ओडेसा येथील ज्यू कुटुंबात झाला. ते डॉक्टर नव्हे, तर प्राणिशास्त्रज्ञ होते. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली, १८९२ मध्ये ती स्वतःवर तपासली आणि पुढच्या वर्षी ते भारतात आले.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग पसरला. ऑक्टोबरमध्ये हाफकिन यांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमधील छोट्या जागेत काम सुरू केले. मांसाच्या रसावर तरंगणाऱ्या तुपाच्या थेंबांखाली प्लेगचे जंतू वाढत. ते उष्णतेने मारून लस बने. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर भायखळा तुरुंगातील स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना ती देण्यात आली. लस घेतलेल्यांची आणि न घेतलेल्यांची तुलना केल्यावर फरक स्पष्ट दिसला. आगाखान यांनीही लस घेतली आणि त्यांच्या अनुयायांची भीती कमी झाली. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये हलली.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल गावात लस टोचण्यात आली आणि त्यानंतर १९ जण धनुर्वाताने दगावले. त्या सर्वांची लस एकाच बाटलीतील होती. इतर बाटल्यांतून लस घेतलेल्यांना काहीही झाले नव्हते. तरी दोष प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिन यांना पद सोडावे लागले. बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला, याकडे नंतर लक्ष वेधले गेले. रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी बाजू लावून धरल्यावर १९०७ मध्ये ते दोषमुक्त झाले. पुढे त्यांनी कलकत्त्यात काम केले. परळला मात्र ते परतले नाहीत. १९२५ मध्ये परळच्या संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले. १९३० मध्ये लोझान येथे त्यांचे निधन झाले.

आज लसीकरण केंद्रात प्रत्येक बाळासाठी नवी सिरिंज वापरतात आणि अनेक डोसांची कुपी उघडल्याची तारीख व वेळ तिच्यावर लिहितात. मनात शंका आली, तर पालकांनी लस चुकवण्याऐवजी ही नोंद दाखवायला सांगावी.