सलीम अली

सलीम मोइझुद्दीन अब्दुल अली (१२ नोव्हेंबर १८९६ – २० जून १९८७) हे भारतीय पक्षिशास्त्रज्ञ होते. भारतीय उपखंडातील पक्ष्यांच्या शास्त्रशुद्ध पाहणीसाठी ते ओळखले जातात. वन्य प्राण्यांमधील विषाणुजन्य रोगांचा शोध घेताना पक्ष्यांच्या स्थलांतराचा जो अभ्यास भारतात झाला, त्याचे नेतृत्वही त्यांनी केले. त्यांच्या कार्याची ही बाजू तुलनेने कमी परिचित आहे.

जीवन

सलीम अलींचा जन्म मुंबईत सुलेमानी बोहरा कुटुंबात झाला. लहानपणीच आईवडिलांचे छत्र हरपल्याने मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी खेतवाडीतील घरी त्यांचा सांभाळ केला. छऱ्याच्या बंदुकीने टिपलेली पिवळ्या कंठाची चिमणी ओळखून घेण्यासाठी ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. तेथील डब्ल्यू. एस. मिलार्ड यांनी त्यांना पक्ष्यांचा संग्रह दाखवला आणि त्यांच्या आयुष्याला दिशा मिळाली.

तरुणपणी काही काळ ते ब्रह्मदेशात व्यवसायासाठी राहिले. पुढे मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स वस्तुसंग्रहालयात त्यांनी मार्गदर्शक व्याख्याता म्हणून काम केले आणि बर्लिनमध्ये एर्विन श्ट्रेझमान यांच्या हाताखाली शिक्षण घेतले. १९३० मध्ये परतल्यावर वस्तुसंग्रहालयातील पद रद्द झालेले होते. तेव्हा ते पत्नी तहमिना यांच्यासह अलिबागजवळील किहीम येथे राहू लागले. तेथे त्यांनी सुगरण पक्ष्याच्या विणीचा केलेला अभ्यास नावाजला गेला. १९३९ मध्ये तहमिना यांचे निधन झाले. १९४१ मध्ये त्यांचे 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्स' हे पुस्तक प्रसिद्ध झाले.

माकडताप आणि पक्ष्यांचे स्थलांतर

१९५७ मध्ये तत्कालीन म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात वानरे व माकडे मोठ्या संख्येने मरू लागली आणि आसपासच्या गावांत तापाची साथ पसरली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने (आताची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था) या रोगाचा विषाणू शोधून काढला. हे केंद्र भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व रॉकफेलर फाउंडेशन यांनी १९५२ मध्ये स्थापन केले होते. गोचिडांमार्फत पसरणाऱ्या या रोगाला क्यासनूर अरण्य रोग किंवा माकडताप म्हणतात. मेलेल्या माकडाच्या अंगावरून गळून पडलेल्या गोचिडी माणसाला चावल्या की त्याला संसर्ग होतो. जंगलात चरणारी गुरे स्वतः सहसा आजारी पडत नाहीत, मात्र त्यांच्या रक्तावर गोचिडी पोसल्या जातात.

हा विषाणू रशियातील मेंदुज्वराच्या एका विषाणूशी जवळचे नाते असलेला निघाला. त्यामुळे सैबेरियातून हिवाळ्यात येणाऱ्या पक्ष्यांनी गोचिडींसह तो भारतात आणला असावा, अशी शंका उपस्थित झाली. मात्र कोणता पक्षी कोठून येतो व कोठे जातो, याची खात्रीलायक माहिती फारशी उपलब्ध नव्हती. १९५९ मध्ये सलीम अलींनी जागतिक आरोग्य संघटनेचे अर्थसाहाय्य मिळवले आणि सोसायटीच्या वतीने पक्षी पकडून त्यांच्या पायात क्रमांकाची कडी घालण्याचा प्रकल्प सुरू केला. जाळ्यात सापडलेल्या पक्ष्याची नोंद करून, त्याच्या अंगावरील गोचिडी व रक्ताचे नमुने घेऊन त्याला सोडून देण्यात येई. कच्छ, भरतपूर, पॉइंट कॅलिमियर आदी ठिकाणी असे काम झाले. माकडतापाचा विषाणू पक्ष्यांनीच आणला हे सिद्ध झाले नाही. मात्र भारतातील पक्ष्यांच्या स्थलांतराच्या पद्धतशीर नोंदींचा पाया या कामामुळे घातला गेला.

वाद

१९६० च्या दशकात या कामाला बँकॉक येथून चालणाऱ्या एका सर्वेक्षण प्रकल्पाचेही साहाय्य मिळाले. त्यामागे अमेरिकन लष्कराच्या संशोधन विभागाचा पैसा होता. पक्ष्यांचे मार्ग व त्यांच्यावरील विषाणू यांची माहिती जैविक युद्धासाठी वापरली जाईल, असा आरोप १९७४-७५ च्या सुमारास वृत्तपत्रांतून व संसदेत झाला. लोकलेखा समितीने परदेशी सहकार्याने चालणाऱ्या अशा प्रकल्पांची चौकशी करून त्यांवर टीका केली. सलीम अलींनी हा आरोप नाकारला. हे संशोधन गुप्त नसून त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध करण्यासाठीच आहेत, अशी त्यांची भूमिका होती. परकीय निधीवर चालणारे संशोधन आणि राष्ट्रीय सुरक्षा यांच्या चर्चेत या प्रकरणाचा पुढेही उल्लेख होत राहिला.

सन्मान आणि वारसा

एस. डिलन रिप्ली यांच्यासह त्यांनी लिहिलेला भारत व पाकिस्तानातील पक्ष्यांवरील दहा खंडांचा ग्रंथ १९६८ ते १९७४ या काळात प्रसिद्ध झाला. त्यांना पद्मभूषण (१९५८) व पद्मविभूषण (१९७६) हे सन्मान मिळाले. १९८५ मध्ये त्यांची राज्यसभेवर नियुक्ती झाली. मुंबई येथे त्यांचे निधन झाले.

फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लूची साथ आली, तेव्हा स्थलांतरित पक्षी रोग आणतात का हा प्रश्न पुन्हा चर्चेत आला. त्यानंतरच्या काळात सिंधुदुर्ग जिल्ह्यात व गोव्यातही माकडतापाचे रुग्ण आढळले. महाराष्ट्रात दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह साजरा होतो. त्याचा अखेरचा दिवस सलीम अलींच्या जयंतीचा असतो.