पतंगांची चरित्रकार : मारिया मेरियन

दिव्यावर झेप घेणारा पतंग आपल्या काव्यात अजरामर झाला आहे. परंतु तो येतो कोठून, सुरवंट असताना खातो काय, याचा शोध घेण्यात मारिया सिबिला मेरियन हिने आपले आयुष्य वेचले.

मारियाचा जन्म २ एप्रिल १६४७ रोजी जर्मनीतील फ्रँकफुर्ट येथे झाला. वडील नामांकित चित्रकार व प्रकाशक. पण ती तीन वर्षांची असतानाच ते वारले. फुलांची चित्रे काढणारे सावत्र वडील याकोब मारेल यांच्याकडे तिने कुंचला हाती धरला. तेराव्या वर्षी तिने रेशमाचे किडे पाळले आणि मग दिसेल तो सुरवंट घरी आणून वाढविण्याचा तिला ध्यासच लागला.

किडे चिखलातून वा कुजक्या पदार्थांतून आपोआप उपजतात, ही समजूत तेव्हा रूढ होती. संग्राहक मेलेले पतंग टाचून ठेवीत. त्यांच्या पूर्वायुष्याची चौकशी क्वचितच होई. मारियाने १६७९ व १६८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दोन खंडांत सुरवंट, कोश व पतंग यांना त्यांच्या खाद्यवनस्पतीसह एकाच चित्रात आणले. काही वेळा पतंगाऐवजी माश्याच बाहेर पडत. त्याचे कारण तिला उमगले नाही, तरी तिने नोंद टाळली नाही. त्या माश्या परोपजीवी होत्या, हे आज आपण जाणतो.

पुढे ती पतीपासून विभक्त झाली व १६९१ मध्ये ॲमस्टरडॅमला आली. १६९९ मध्ये, बावन्नाव्या वर्षी, आपली चित्रे विकून ती धाकटी कन्या डोरोथेआसह दक्षिण अमेरिकेतील सुरिनाम या डच वसाहतीत गेली. साखरेपलीकडे काही न पाहणाऱ्या तेथील मळेवाल्यांनी तिची थट्टा केली. वनस्पतींची माहिती तिला दिली ती मूळ रहिवाशांनी व आफ्रिकी गुलामांनी. त्यांचे ऋण तिने ग्रंथात नोंदविले. त्यांची नावे मात्र नोंदविली नाहीत.

तापाने खंगून ती १७०१ मध्ये परतली. साठ चित्रांचा तिचा सुरिनामवरील ग्रंथ १७०५ मध्ये निघाला. त्यात काही ठिकाणी सुरवंट एका जातीचा व पतंग दुसऱ्या जातीचा, असे दोषही राहिले. तरीही जीवांना शास्त्रीय नावे देताना लिनियसने तिच्या चित्रांचा आधार घेतला.

१३ जानेवारी १७१७ रोजी तिचे निधन झाले. पंखांवरील ठिपके पाहून पतंगाचे नाव सांगता येते; त्याची खरी ओळख पटण्यास त्याचे पानही शोधावे लागते, हा धडा विद्यापीठाची पायरी न चढलेल्या या स्त्रीने शास्त्राला दिला.