अर्धवट राहिलेलं ‘ख्रिस्तायन’
आजचं वाचन : मत्तय, अध्याय 5

1893 साली रेल्वेत एका अनोळखी प्रवाशानं नारायण वामन टिळकांच्या हाती नवा करार ठेवला. वाचता वाचता ते डोंगरावरील प्रवचनापाशी आले आणि तिथंच गुंतले. याच अध्यायाच्या शेवटी पूर्ण होण्याची आज्ञा आहे. आपण ती वाचतो आणि घाबरतो ना? सगळं परफेक्ट जमल्याशिवाय प्रभू जवळ घेणारच नाही, असं वाटतं.

1895 मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. घर मोडलं; लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या, मग परत आल्या. 1917 मध्ये मिशनचं काम सोडून टिळक साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडून बसले. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्तावर प्रेम करणाऱ्या दोघांनाही तिथं जागा. मला त्यांच्या कवितांइतकंच हे मोलाचं वाटतं : आधी पूर्ण व्हा, मग या, अशी अटच नाही!

दरबाराला जेमतेम दोन वर्षं मिळाली. 9 मे 1919 रोजी टिळक गेले, तेव्हा ‘ख्रिस्तायन’ अर्धवटच होतं. पुढचे अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले. लग्न झालं तेव्हा त्यांना लिहिता-वाचताही येत नव्हतं.